गार चादर

नीलकंठ अपार्टमेंटची गच्ची कागदोपत्री सहा घरांची होती, पण चालायचं तिथं राजाक्काचंच. कोणत्या दोरीवर कुणाचे कपडे, कुणाच्या पापडांना कोणता कोपरा, टाकी वाहायला लागली की कुणाला हाक मारायची, हे सगळं तिच्याकडं. कुणी नेमलं नव्हतं तिला. गच्चीचा जिना तिच्या दारासमोरून वर जायचा आणि तिचा आवाज असा होता की खाली रस्त्यावरचा रिक्षावाला मान वर करून बघायचा. एवढ्या भांडवलावर बाई वीस वर्षं राज्य करत होती.

तिच्या समोरच्या दारात महानंदा हत्तुरे राहायची. सोसायटीची सेक्रेटरी, कामाला चोख, बोलायला मऊ. दोघींची ओळखच मुळी भांडणातून झाली. महानंदा नवीन राहायला आली तेव्हा तिनं ओली पांघरुणं राजाक्काच्या दोरीवर टाकली होती. राजाक्कानं ती गोळा करून तिच्या दारात आणून आदळली. महानंदा रडत बसली. संध्याकाळी राजाक्का शेंगाचटणीची वाटी घेऊन हजर.

"रडतीस काय गं? अशा वेळी भांडायचं असतंय," असं म्हणत ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि कडक भाकरी मोडून दोघींच्या ताटात घातली. त्या दिवसापासून दोन्ही दारं सकाळी उघडायची ती रात्री झोपतानाच लागायची. राजाक्काचा मुलगा व्यंकटेश हैदराबादला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. महानंदाला मूल नव्हतं. घरात ती आणि तिचे यजमान चन्नवीर सर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. राजाक्का मुलाशी फोनवर तेलुगूत बोलायची, ती इतक्या मोठ्यानं की ऐकून ऐकून महानंदालाही तेलुगू समजायला लागलं होतं.

सोलापूरला ऊन नवं नाही. पण ही गोष्ट ज्या वर्षांतली आहे, तेव्हा उन्हाची जातच बदलली होती. कोरड्या उन्हाला सोलापूरकर कधी भ्याला नाही. आता मात्र उन्हाबरोबर दमटपणाही यायला लागला होता. घाम यायचा, पण वाळायचा नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवणार कसं? भर दुपारी रस्त्यावर यायला बंदी असायची. वीज नेमकी त्याच वेळी जायची, कारण सगळं शहर एकदम एसी लावायचं.

अशाच एका चैत्रात चन्नवीर सर गच्चीवर कुंड्यांना पाणी घालताना कोसळले. राजाक्का तिथंच कुरडया घालत बसली होती. तिनं हातातला सोऱ्या टाकला, माठातलं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं आणि असा आरडाओरडा केला की शेजारच्या इमारतीतली माणसंही धावत आली. सर वाचले. डॉक्टरांनी मात्र महानंदाला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. दुपारची खोली तापू द्यायची नाही, काय वाटेल ते करा." त्यानंतर वर्षभर महानंदा रात्री नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवल्याशिवाय झोपली नाही.

म्हणून शहरात शीतपटाची योजना आली तेव्हा अर्ज करणाऱ्यांत ती पहिली होती. शीतपट हे सरकारी नाव. सोलापूरकरांनी दोन दिवसांत त्याची गार चादर करून टाकली.

योजनेच्या इंजिनियर तांबोळी मॅडम माहिती द्यायला आल्या. बैठक अर्थातच गच्चीवर, संध्याकाळी, सतरंज्या टाकून. मॅडमनी पिशवीतून दुधासारख्या पांढऱ्या कापडाचा तुकडा काढला आणि सगळ्यांच्या हातांवर फिरवला. दिवसभर तापलेल्या त्या गच्चीवर तो तुकडा नुकत्याच पुसलेल्या फरशीइतका गार लागत होता.

"याला वीज लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "बघा, प्रत्येक गरम वस्तू उष्णता बाहेर टाकत असते. आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाशच असतो तो. भिंत टाकते, जमीन टाकते, तुम्ही-आम्हीही टाकतो. पण वरची हवा त्यातला बराचसा शोषून घेते आणि परत खाली पाठवते, म्हणून सगळं तापलेलं राहतं. मात्र या अदृश्य प्रकाशाचा एक पट्टा असा आहे की त्याला हवा अडवत नाही. समजा, आभाळाला एक झरोका आहे. ही चादर उन्हाला परतवून लावते आणि छताची उष्णता बरोबर त्या झरोक्यातून वर सोडते."

"वर म्हणजे कुठं?" चन्नवीर सरांनी विचारलं.

"अंतराळात. तिथं भयंकर थंडी आहे सर. आपल्या सोलापूरच्या उष्णतेनं तिथं काही बिघडत नाही."

लोक हसले. मग मॅडमनी अटी सांगितल्या. चादरीला आभाळ मोकळं दिसलं पाहिजे. वर दोऱ्या नकोत, कुंड्या नकोत, मंडप नको. चादरीत काचेचे बारीक मणी असतात, ते पायाखाली चिरडतात, त्यामुळे गच्चीवर कुणीही यायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घराच्या छताला त्याएवढी एक गुंडाळी. आणि इमारतीतल्या सगळ्या घरांची संमती हवी, एक जरी नाही म्हणालं तरी चादर पुढच्या इमारतीला जाणार.

"यायचंच नाही म्हणजे?" राजाक्का इतका वेळ गप्प होती, हेच आश्चर्य. "मग कुरडया कुठं घालू? तुमच्या डोक्यावर?"

"आजी, कुरडया बाजारात मिळतात की."

बाजारातली कुरडई हा शब्द राजाक्कासमोर आजवर कुणी काढला नव्हता. तळमजल्यावरचे अफजलपुरे घाबरून चपला शोधायला लागले. महानंदा मान खाली घालून बसली होती. राजाक्कानं तिच्याकडं बघितलं, मग भिंतीला टेकून बसलेल्या सरांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"घाला," ती म्हणाली. "आमच्या सरांना गारवा पाहिजे."

कमरेची गच्चीची किल्ली काढून तिनं महानंदाच्या ओटीत टाकली आणि कुणाशी न बोलता खाली गेली.

चादर आली आणि खरं सांगायचं तर जादू झाली. बाहेर जीव नकोसा करणारं ऊन आणि घरात पांघरूण घ्यावंसं वाटावं असा गारवा. वरच्या मजल्यावरची दोन घरं सगळ्यांत गार, कारण चादर थेट त्यांच्या डोक्यावर. खालच्यांना जरा कमी, पण तेही खूश. चन्नवीर सर पुन्हा चित्रं काढायला लागले. महानंदा इतकी सुखावली की एकदा भाजी चिरता चिरता रडली. हे सुख खोटं नव्हतं, त्याला नावं ठेवायला मी इथं बसलेलो नाही.

फक्त एक झालं. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्यांनी दारं लावून घेतली. आणि गच्चीच नाही म्हटल्यावर दार उघडायला कारणही उरलं नाही. कपडे घरातल्या यंत्रात वाळत. भाजी फोनवर मागवली की दाराशी येऊन पडे. पूर्वी महानंदाला राजाक्काचा गुडघा कधी दुखतोय, व्यंकटेशचा फोन कधी आला, तिनं आज आमटीत काय टाकलं, सगळं विचारल्याशिवाय कळायचं. आता मुद्दाम दाराची घंटा वाजवून जायचं म्हणजे काहीतरी काम पाहिजे. दोघींनाही एकमेकींकडं काम असायचंच असं नाही. सुरुवातीला महानंदा जायची, मग उद्या जाऊ म्हणायची, मग तेही म्हणायची राहिली. भांडण नाही, रुसवा नाही, काही नाही. भांडण झालं असतं तर बरं, निदान संध्याकाळी चटणीची वाटी तरी आली असती.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने देणे आहे, गार चादरीसह. खाली राजाक्काचं पूर्ण नाव, राजमणी म्याकल.

महानंदानं तो चार वेळा वाचला. "अहो, अक्का हैदराबादला चालल्या," ती म्हणाली. "आणि मला ग्रुपवर कळतंय. मला."

सरांनी कुंचला खाली ठेवला. "जाऊन विचार."

"मी नाही जाणार. त्यांना सांगावंसं वाटलं नाही, मग मी कशाला जाऊ?" असं म्हणून तिनं भांडी घासायला घेतली, तीही घासलेलीच.

दोन दिवसांनी सकाळी तिचा फोन वाजला. चादरीखालच्या यंत्रणेचा इशारा होता, छतावर वजन आहे. मांजर असेल म्हणून तिनं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजला. आता मात्र सेक्रेटरीला उठणं भाग होतं. जिन्याचं कुलूप उघडं होतं. किल्ली महानंदाकडं, मग कुलूप कुणी उघडलं? राजाक्काकडं जगातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली असते, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

वर गेली तर पांढऱ्याशुभ्र चादरीच्या कडेला राजाक्का पाय पसरून बसलेली. तिच्या घराच्या छतावर, हात पुरेल तिथवर, ओळीनं कुरडया. आणि राजाक्का त्यातल्या एकीकडं अशी बघत होती की कुरडईनं तिला उलट उत्तर दिलंय.

"अक्का, हे काय करून बसलात?"

"ओरडू नको. आधी हे बघ." राजाक्कानं कुरडईचं एक टोक उचलून दाखवलं. वरून कडक, पण खालून गिजगिजीत, आणि चादरीला गच्च चिकटलेली. "काल सकाळी घातल्या. काल दिवसभर ऊन, आज ऊन. पन्नास वर्षांत माझी कुरडई अशी वागली नाही. चीक नीट शिजवला होता. पाणी मापात होतं. मला वाटलं, एवढी स्वच्छ पांढरी चादर, धूळ नाही, काही नाही, वर चकचकीत ऊन. यापेक्षा चांगली जागा कुठं मिळणार?"

महानंदाला कळेना, रागवावं की काय करावं. अख्ख्या सोलापुरात भर उन्हातही गार राहणारी एकच वस्तू होती, ही चादर, आणि ह्या बाईनं तिच्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. "अक्का, ती चादर गार आहे. उष्णता काढूनच घेते ती. रात्रीची ओल धरते. तिच्यावर काय वाळणार?" बोलता बोलता तिला हसू फुटलं. राजाक्कानं आधी डोळे वटारले, मग तीही हसायला लागली, पोट धरून. दोघी कितीतरी महिन्यांत अशा हसल्या नव्हत्या.

"एवढ्या कुरडया कुणासाठी?" हसणं ओसरल्यावर महानंदानं विचारलं.

"तुझ्यासाठी. सरांना आवडतात. जायच्या आधी डबा भरून ठेवणार होते."

"आणि जाताय हे मला ग्रुपवर सांगायचं?"

"मग कुठं सांगू? तू दिसतीस कुठं?" राजाक्काचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "गेल्या महिन्यात मला ताप होता. आठवडाभर पडून होते. घर गार होतं, अगदी आरामात पडले. पण म्हातारी दिसली नाही म्हणून विचारायला कोण आलं? पूर्वी मी सकाळी गच्चीवर नाही आले तर अर्ध्या तासात तू दार वाजवायचीस. मी काही तुला दोष देत नाही गं. तू सुखात आहेस, बरं वाटतंय मला. पण इथं अशी एकटी मरून पडण्यापेक्षा पोराकडं जाऊन सुनेची बोलणी खाईन."

महानंदाला तोंड वर करता येईना. समोरच्याच दारामागं अक्का तापानं पडली होती आणि आपल्याला पत्ता नव्हता. तिनं राजाक्काचा चिकट हात हातात घेतला. "चुकलं माझं, अक्का."

"चुकलं ते चुकलं. आता हे काढायला मदत कर."

पण कुरडया निघताना चादरीचा वरचा थर घेऊन निघाल्या. एकदा सुटलेला थर सुटतच गेला आणि राजाक्काच्या छतावरची अर्धीअधिक चादर सोलून निघाली.

दुसऱ्या दिवशी तांबोळी मॅडम आल्या. त्यांनी पाहिलं, एक वाळका तुकडा उचलून हुंगला आणि कपाळाला हात लावला. "हे नियमांत लिहायचंच राहिलं आमचं," त्या म्हणाल्या. बाई समजूतदार होत्या, इमारतीची चादर त्यांनी काढून नेली नाही. पण नवीन गुंडाळी पावसाळ्यापर्यंत मिळणार नव्हती. तोवर राजाक्काचं घर उघड्या छताचं राहणार, सगळ्यांत वरचं, सगळ्यांत तापणारं.

"राहू दे," राजाक्का म्हणाली. "मी जाणारच आहे. पुढच्या आठवड्यात व्यंकटेश न्यायला येतोय."

त्या दुपारी महानंदा चन्नवीर सरांच्या शेजारी येऊन बसली. एका दमात बोलली. "मॅडमना विचारलं मी. आपल्या छतावरची गुंडाळी काढून अक्कांच्या छतावर बसवता येते. म्हणजे त्यांचं घर गार होईल. आपलं तापेल."

सरांनी तिच्याकडं बघितलं. "आणि मी?"

"तुम्ही दुपारी त्यांच्याकडं बसायचं. मीही येईन. त्या राहिल्या तर." "नाही राहिल्या तर मात्र मी तुमचा जीव टांगणीला लावला असं होईल. म्हणून विचारते. तुम्ही नाही म्हणालात तर हा विषय इथंच संपला."

सरांनी खिडकीकडं बघितलं. लावलेल्या काचेपलीकडं ऊन नुसतं पेटलं होतं.

"पडलो तेव्हा मी गच्चीवर होतो," ते म्हणाले. "उन्हात होतो, म्हणून पडलो. पण पडलेला दिसलो. इथं, या गार खोलीत, तू बाजारात गेलेली असताना मला काही झालं तर कुणाला दिसणार? वर्षभर रोज हा विचार येतो. तुला बोललो नाही, तू इतकी आनंदात होतीस." मग नेहमीच्या मिश्किल आवाजात म्हणाले, "शिवाय अक्कांकडं आमटी चांगली असते."

कामगार आले, गुंडाळी या छतावरून त्या छतावर गेली. राजाक्काला हे कळलं ते डोक्यावर खिळे ठोकल्याचा आवाज आला तेव्हा. ती तणतणत महानंदाच्या दारात आली.

"अक्कल गहाण टाकलीस का? तुझ्या नवऱ्याला डॉक्टरनं काय सांगितलंय? आणि मी जाणार म्हटलं ना? माझ्या रिकाम्या घराला गार करून काय त्यात लोणचं ठेवणार आहेस?"

"जायचं तर जा," महानंदा म्हणाली. मऊ बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज सरळ होता. "मी थांबवत नाही. पण उद्यापासून दुपारी ह्यांना बसायला गार जागा फक्त तुमच्या घरात आहे. हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, म्हणून सांगते. आणि आमचं छत आता मोकळं आहे, उरलेला चीक असेल तर तिथं घाला. तिथं वाळतील."

राजाक्का पाय आपटत घरात गेली आणि दार लावून घेतलं.

त्या रात्री महानंदाला झोप आली नाही. आपण काय करून बसलो, असं तिला हजारदा वाटलं. सकाळपासून छत तापायला लागलं. दहाच्या सुमारास भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. सरांचा चेहरा लाल झाला होता. अकरा वाजता महानंदानं त्यांची उशी उचलली, पाण्याची बाटली घेतली आणि दार उघडलं. समोरचं दार बंद असेल तर काय करायचं, ते तिनं ठरवलं नव्हतं.

समोरचं दार सताड उघडं होतं. गारवा जिन्यापर्यंत येत होता.

"दार तरी लावा, अक्का, सगळा गारवा चाललाय," महानंदा आत शिरत म्हणाली.

"जाऊ दे जायचा तर. दार लावलं तर तुम्ही आलात हे कसं कळणार?" राजाक्का स्वयंपाकघरातून ओरडली. हॉलमध्ये बांधलेल्या दोन बॅगा होत्या. ती बाहेर आली, पलंगावरची बॅग ओढून खाली टाकली आणि सरांना म्हणाली, "आडवे व्हा. पाय वर घ्या. बोलू नका." सर आज्ञाधारकपणे आडवे झाले. हळूहळू त्यांचा श्वास सावकाश झाला, तोंडावरची लाली उतरली. महानंदा त्यांच्या उशाशी बसून राहिली. राजाक्का राहणार की जाणार, हे विचारायचा तिला धीर होत नव्हता, आणि राजाक्काही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. तिनं दोघींपुढं आमटी-भात ठेवला. दोघी जेवायला बसल्या.

जिन्यात पावलं वाजली. अफजलपुरे वहिनी हातात पापडांचं ताट घेऊन वर चालल्या होत्या. उघड्या दारातून आत डोकावल्या. "हत्तुरे वहिनी, तुमचं छत मोकळं आहे म्हणे? एक कोपरा घेऊ का?"

"कडेला घाला, मधे घालू नका. मधे माझ्या कुरडया येणारायत," राजाक्कानं बसल्या जागेवरून हुकूम सोडला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. व्यंकटेश होता. गाडी कोणत्या दिवशी आणू, असं विचारत असावा. राजाक्का फोन घेऊन खिडकीशी गेली, पाठ करून उभी राहिली. झोपलेल्या सरांसाठी असेल, पण आज तिचा आवाज हळू होता. महानंदानं हातातला घास ताटात ठेवला आणि कान दिला. राजाक्का तेलुगूत बोलली, आणि महानंदाला शब्द न् शब्द कळला.

"नाही रे बाळा, मला यायला जमायचं नाही. आपल्या घरात आजारी माणूस आहे."